बारीक धार, भरलेला झिरा

मित्रांनो, सेलूच्या वरच्या अंगाला डोंगरातून वाहणारी मी एक जुनी झरी आहे. कड्यावरून उडी घेते, तेव्हा लोक मला धार म्हणतात. जन्मदाखला मागू नका. हा कडा माझ्यापुढं कालचं पोर. घासून-पुसून त्याला गुळगुळीत मीच केलं.

कड्याच्या माथ्यावर एक भेग आहे. माझं अर्धं पाणी कड्यावरून पडतं, ते मिरवायचं. अर्धं भेगेत शिरून खाली रेतीत उतरतं, ते पोसायचं. उन्हाळ्यात वस्तीतल्या बाया रेतीत खड्डा उकरतात, त्यात पाणी पाझरतं. तोच झिरा. पहिली वाटी माझ्याच अंगावर परत ओतायची, मगच पाण्याचे गुंड, म्हणजे हंडे, भरायचे, अशी इथली रीत. मान ठेवणाऱ्याचं भांडं मी रिकामं जाऊ देत नाही.

वस्तीत शब्द चालतो भागीरथा म्हातारीचा. एकदा पोळ्यानंतर तिची विहीण, जामची आनंदाबाई, धार पाहायला आली आणि फिसकन हसली.

"एवढीशीच काय वो, इहीनबाई? आमच्या जामचा नळ याच्याहून जाड हाय!"

भागीरथाला ते झोंबलं. विहिणीची पाठ वळताच तिनं लेकाला हाक मारली, "मंगरू, वरची भेग सिमेटानं बुजवून टाक. सारं पाणी धारेत पडू दे."

"काऊन वो माय, उगाच?"

"तू शिकवतं का मले?"

भेग बुजली. दिवाळीत विहीण पुन्हा आली, तेव्हा मी अशी कोसळले, की आनंदाबाईचं तोंड उघडंच राहिलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण चैत्रात बाया झिरा उकरायला बसल्या, तर कोपरभर खाली कोरडी रेती. उन्हानं बारीक झालेलं माझं पाणी कड्यावरून थेंबथेंब पडून तापल्या खडकांवरच सुकत होतं. वस्तीला प्यायला दुसरं पाणी नाही. लेकरं रिकामे गुंड घेऊन उभी. भागीरथानं मूठभर रेती उचलली, पिळून पाहिली, टाकून दिली.

"माय, ते भेग..." मंगरू पुटपुटला.

"मले समजते. बोंबलू नोको, सब्बल आण!"

त्या वयात ती कडा चढली. ती जड लोखंडी सब्बल लेकाच्या हाती दिली नाही, स्वतःच घाव घातले. सिमेंट फुटलं आणि मी घरात शिरावं तशी भेगेत शिरले. सकाळी झिऱ्यात पाणी आलं, आधी गढूळ, मग नितळ. पहिली वाटी भागीरथानं माझ्यावर ओतली. त्या वाटीत तिची माफी होती. मला ती ऐकू आली.

अखजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आनंदाबाई पुन्हा हजर. "अगंबाई, धार तं पार सुकली वो!"

भागीरथानं झिऱ्याच्या पाण्याचा गार लोटा तिच्यापुढं धरला. "धारेनं डोये निवते, इहीनबाई. तहान यानं जाते. प्या!"

विहीण गटागटा प्यायली आणि दुसरा लोटा मागून घेतला.

मित्रांनो, माझं कौतुक जरूर करा, मला ते आवडतं. धारेपुढं उभे राहून मिरवा. पण भेगेला हात लावू नका. आणि पहिली वाटी विसरू नका. मी सारं ध्यानात ठेवते.