कुंडलिकची धडधड

बजाबाईची तिसरी भाकरी करपली, आणि याही खेपेला चूक तिची नव्हती. पीठ ताजं दळलेलं, चूल बेताची पेटलेली, हात तर लहानपणापासूनचा बसलेला. पण थापता थापता छातीत एकाएकी धडधड उठली, तोंडाला कोरड पडली, तळव्यांना असा घाम फुटला की पीठ बोटांनाच चिकटून बसलं, आणि सगळं अंग जणू उठून पळायला निघालं. पळायचं कुणापासून? दारात मांजरसुद्धा नव्हतं. "मेलं हे काळीज! ह्याला काय रोग आला?" असं म्हणत तिनं करपलेली भाकरी शेजारच्या काशम्माच्या शेळीपुढं टाकली आणि पदरानं कपाळ पुसत ती पुन्हा परातीशी बसली.

माढ्याकडून लग्न होऊन सोलापुरात गिरणीच्या चाळीत आलेली ही बाई भित्री कधीच नव्हती. विंचू निघाला तर चाळीतल्या बाप्यांच्या आधी हिला हाक जायची. भित्रा होता तो तिचा नवरा, कुंडलिक. साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या खात्यात, वर फिरणाऱ्या चाकावरून चामडी पट्टा निसटला की शिडीवर चढून, चाक चालू असतानाच तो पुन्हा बसवायचा, हे त्याचं काम. एकदा त्याच्या डोळ्यांदेखत एक पट्टा तुटला, सोबत्याच्या तोंडावर बसला, आणि तेव्हापासून सकाळचा भोंगा झाला की हा गडी चौकट धरून घाम गाळत उभा राहायचा. आज बदलीवाल्याला जाऊ दे, उद्या बघू, म्हणायचा. आणि जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, तर साफ बजावून बसला होता की, आता एक जरी खाडा झाला तरी घरी बस.

अशाच एका सकाळी, कीव आणि वैताग एकदमच येऊन, बजाबाईनं त्याच्या तोंडावरून दोन्ही तळवे फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकड बोटं मोडली. "घेतली तुमची समदी भीती माज्यावर. आता उटा!"

काशम्मा दारातून बघत होती. "अय्यो, बायकोनं घेत नसत्यात गं. आईनं घ्यायचं, आत्यानं घ्यायचं."

"ह्यांची आई कुटनं आणू? वरनं बोलावू?"

काशम्मा मान हलवत आपल्या खोलीकडं वळली. कुंडलिक मात्र उठला, गुळाचा चहा प्याला आणि शीळ घालत गिरणीत गेला.

त्याच दिवसापासून बजाबाईच्या भाकरी करपू लागल्या. तिनं आधी उन्हाळ्यावर खापर फोडलं, मग चाळीच्या तापलेल्या पत्र्यावर, मग आडाच्या मचूळ पाण्यावर. संध्याकाळी नवरा घरी येऊन पाय पसरून, शेंगाचटणी आणि भाकरी हाणता हाणता, आज पट्टा कसा निसटला आणि आपण एका हातानं कसा चढवला ते सांगायचा, तेव्हा ती नुसती हं हं करायची. पण एकदा तो म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीच्या जरा आदी झालं बग. बाही अडाकली हुती चाकात. फाटली म्हनून वाचलो." बजाबाईचा घास हातातच राहिला. जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधीच तर ती आडावर घागर टाकून मटकन खाली बसली होती, आणि चार बायांनी तिला धरून घरी आणलं होतं.

"तुमास्नी भ्या न्हाय वाटलं?"

"न्हाय की. लई मजा वाटली."

मजा! तिला वाटलं, उठावं आणि उलथनं घालावं डोक्यात.

पुढं पुढं तर त्यानं ताळच सोडला. ज्याला भीती माहीत नाही त्याला आवरणार कोण? खात्याच्या मास्तराशी हुज्जत घाल, शिडी न घेताच वर चढ, पैजेखातर आगगाडी येईपर्यंत रुळावर उभा राहा. गिरणीत त्याचं नाव झालं. जॉबरच्या जागेसाठी लोक त्याच्याकडं बोट दाखवू लागले. तो रात्री घोरायचा, आणि बजाबाई उशीला टेकून बसल्या बसल्या दम घ्यायची. तिचे पाय सुजले. भरली घागर उचलेनाशी झाली. त्याला सांगावं तर तो हसायचा, "माजी भीती तुज्या पोटात? काय गं येड्यावानी बोलतीस!" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी काशम्मानंच धोशा लावला म्हणून कुंडलिक तिला पेठेतल्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. म्हातारे, शांत गृहस्थ होते. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"बाई, समोर वाघ आला तर माणसाचं शरीर पळायला किंवा भिडायला उभं राहतं. रक्तात एक तिखट रस उतरतो, काळीज दौडतं, तोंड सुकतं. वाघ गेला की सगळं खाली बसतं. तुमचं काळीज मात्र रोज दौडतं आहे. दमून फुगलंय ते. तुमचा वाघ आहे तरी कुठं?"

"गिरणीत," बजाबाई म्हणाली.

डॉक्टर जरा हसले. मग कुंडलिकला बाजूला घेऊन, त्याला धीर द्यावा म्हणून मनगट हातात धरून, हळू आवाजात म्हणाले, "असा आणखी एक मोठा धक्का बसला, तर ही वाचायची नाही." ते कुजबुजणं तिच्या कानावर गेलं नव्हतं, पण नेमक्या त्याच क्षणी बाकावरच्या बजाबाईच्या छातीत असा दणका बसला की ती पदर तोंडात धरून वाकली. डॉक्टर कुंडलिकच्या मनगटाकडं बघत राहिले. "तुमची नाडी मात्र उत्तम आहे," ते जरा चकित होऊन म्हणाले.

वाटेत तिनं खोदखोदून विचारलं तेव्हा त्यानं ते सांगितलं. बजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे जीव होता हो त्याचा तिच्यावर! भ्यायला होता तो तिच्यासाठी. पण ते भिणंसुद्धा तिनंच सोसायचं होतं. माणसानं रागवावं तरी कुणावर!

"त्ये काम सोडा," ती रात्रभर म्हणत राहिली. "खाली झाडू मारा, पर वर चढू नगा."

"आता जॉबर हुनार मी, आन् झाडू मारू व्हय?"

सकाळी तो टोपी घालून निघाला तेव्हा ती दार अडवून उभी राहिली. तिनं त्याचे दोन्ही हात धरले, आपल्या तोंडावरून फिरवले, आणि म्हणाली, "मोडा बोटं. कानशिलावर. मोडा म्हनते!"

"अगं, बापई मानसानं..."

"आई न्हाय, आत्या न्हाय, मग म्या घेतली की न्हाय? तुमचं तुमी घ्या परत. मला जगायचं हाय!"

तो हसला, आणि बायकोची समजूत म्हणून बोटं मोडली. कडाकड वाजली.

मग तो उंबऱ्यातच थांबला. पाणी दे म्हणाला. तिनं तांब्या दिला, तर तो त्याच्या दातांवर खडखड वाजला. ओठावर घामाचे थेंब होते. त्यानं चौकट धरली, पूर्वी धरायचा तशीच, आणि तिच्याकडं बघितलं. एका शब्दानं ती त्याला थांबवू शकत होती.

"भोंगा झाला," बजाबाई म्हणाली. "जावा."

तो गेला. आणि काय सांगावं, कित्येक महिन्यांनी तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिनं भरली घागर आणली. केर काढला. माहेरची एक ओवी पुटपुटत ती परातीशी बसली, आणि भाकरी हाताखाली अशी गरगर फिरू लागली की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

ऊन पत्र्यावर चढत होतं तेव्हा भोंगा वाजला. ती भोंग्याची वेळ नव्हती. तो वाजला आणि वाजतच राहिला. चाळीतली दारं धडाधड उघडली. हातातली पोरं टाकून, चुली टाकून बायका ऊर बडवत गिरणीच्या फाटकाकडं पळत सुटल्या. काशम्मा धापा टाकत दारात आली, छातीवर हात.

"बजाक्का... चल गं... साचेखात्यात म्हणं..."

बजाबाईनं छातीला हात लावून पाहिला. काळीज संथ चाललं होतं. तव्यावर भाकरी टम्म फुगली होती, कुठं एक डाग नाही.

"येते की," ती म्हणाली. "एवडी भाकरी उतरू दे."