दारफळणीचा दसरा

आपट्याचं पान दाराखालच्या फटीतून अर्धंच आत आलं होतं. उरलेलं अर्धं अजून शेजारच्या सरूबाईच्या बोटाखाली होतं.

"ताई, उघडू नका, सरकवते मी. सोनं घ्या, सोन्यावानी ऱ्हावा. लई कडक बाई देव तुमचा, सणासुदीला उपाशी ठेवतो!" हसत हसत ती जिना उतरून गेली.

रिबकाबाईंनी पान उचललं नाही. बेने इस्राएलांचा, म्हणजे इथल्या ज्यूंचा, दारफळणीचा सण आज — काल सूर्य मावळल्यापासून दार बंद, तोंडात पाण्याचा थेंब नाही, अंगावर पांढरं पातळ, आणि देवाकडे वर्षभराची माफी... ती तीन तारे दिसेपर्यंत. सगळं शहर दारं उघडी टाकून बसलेलं असताना आपण कोंडून घ्यायचं. चंद्र तोच, त्याची दहावी रात्रही तीच. मराठी पंचांग काय, पुण्याच्या सिनेगॉगमधून येणारं इब्री कॅलेंडर काय, दोन्ही चंद्रामागे भटकत सूर्याच्या मागे पडतात आणि जादा महिना घालून त्याला गाठतात. पण तो महिना दोघांना एकाच वर्षी सुचेल असं नाही, मग एखाद्या वर्षी दसरा महिनाभर लांब जातो. मागच्या गल्लीतल्या खैरूआपांचं बरं — त्यांच्यात जादा महिनाच नाही, रमजान आपला उन्हातून, पावसातून, थंडीतून फिरत राहतो, कुणाला गाठायची घाई नाही...

शेबाला गाठायचं राहूनच गेलं. लेकीनं सिल्लोडच्या इंद्रजीतशी लग्न ठरवलं तेव्हा "गेलीस तर हे दार तुला बंद" हे शब्द रिबकाबाईंचेच. लग्नालाही त्या गेल्या नव्हत्या. पण दसऱ्याला वैरीसुद्धा सोनं द्यायला येतात, मग पोटची पोर...? सण वेगवेगळे पडले त्या वर्षी त्या दार सताड उघडं टाकून बसल्या, आणि जिन्यावर नुसती दुसऱ्यांची पावलं वाजली. त्यापेक्षा यंदाचं बरं. यंदा नाही आली तर दोष पंचांगाचा — तिला ठाऊक आहे ना, आज आई उघडत नाही! उपासानं हलक्या झालेल्या डोक्यात ही सबब किती गोड बसली होती.

उन्हं कलली. कर्णपुऱ्याच्या देवीच्या जत्रेतले भोंगे ऐकू येत होते. तेवढ्यात कडी वाजली, एकदाच.

"आई."

"तू... तू आज कशी आलीस?"

"एसटीनं."

रिबकाबाईंना हसू आलं. "अगं, पण आजच?"

"माहीतंय गं, आज काय ते. मागं एकदा दसऱ्याला आले होते. दार उघडं दिसलं... अर्ध्या जिन्यावरूनच परत गेले. काय बोलली असतीस, कुणास ठाऊक. आज बंद असणार, म्हणून सगळा जिना चढता आला." पायरीवर बसताना तिची साडी सळसळली. "उघडू नकोस तू. तारे निघेपर्यंत बसते इथंच."

म्हणजे त्या दुसऱ्यांच्या पावलांत...

रिबकाबाई दाराला टेकून खाली बसल्या. कालपासून देवाकडे किती मागितलं! पण माणसाचं दुखवलेलं त्या माणसानंच माफ करायचं, देवाचा त्यात हात नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. तारे निघाले की दार उघडायचं, आणि मग ते माफीचं आपल्या तोंडानं बोलायचं... आणि तिनं नुसतं सोनं हातावर ठेवलं, चहा घेतला, शेवटची गाडी आहे म्हणाली, तर?

लाकडापलीकडे लेकीच्या बांगड्या हलल्या. इतकी जवळ ती कित्येक वर्षांत नव्हती.

मागच्या खिडकीत पहिला तारा लुकलुकला. दुपारपासून त्याचीच वाट पाहणाऱ्या रिबकाबाईंनी, घशाला कोरड पडलेली असताना, हळूच तोंड दाराकडे फिरवलं — दुसरा आपल्याला दिसू नये म्हणून.