मोतीच्या नावाची मूठ

फैजपूरच्या शाळेत मला घेतलं होतं मराठी आणि भूगोल शिकवायला. पण मुलाखतीत मी भाबडेपणाने ‘पेटी वाजवता येते’ असं बोलून गेलो आणि तिथेच फसलो. रोजची प्रार्थना माझ्या गळ्यात, पंधरा ऑगस्टची गाणी माझ्या गळ्यात आणि कुणी पाहुणा शाळेत आला की स्वागतगीतही माझ्याच गळ्यात. पाहुणा बदलला की मुख्याध्यापक गाण्यातलं फक्त नाव बदलायला लावायचे. केळी सोसायटीचे चेअरमन असोत की गुरांचे डॉक्टर, दोघांचं स्वागत एकाच चालीत व्हायचं.

पेटी मात्र माझी नव्हती. ती माझ्या थोरल्या भावाची, मोतीभाऊची. वडील गेल्यावर त्याने शाळा सोडली आणि धुळ्याच्या एका बँडवाल्याकडून ही जुनी पेटी उचलून आणली. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात मग श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीची गाणी त्याच्या पेटीशिवाय होईनाशी झाली. मलाही त्यानेच शिकवलं. चुकलो की बोटांवर फुटपट्टी बसायची. माझं पुढच्या शिक्षणाचं ठरलं तेव्हा तो सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला गेला आणि जाताना पेटी माझ्या हवाली केली. “तठे लूमना आवाजमा पेटी कोन आयकस,” एवढंच म्हणाला.

आधी तो दरवर्षी कानबाईला यायचा. गेल्या वर्षी आला नाही, दिवाळीलाही फिरकला नाही. आमच्या गावचे नूर महंमद चाचा सुरतेहून साड्यांचे गठ्ठे आणून खेडोपाडी विकायचे. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी गेलो तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. “बेटा, सुट्टीत एकदा भावाला भेटून ये,” म्हणाले. का, ते काही सांगितलं नाही.

मे महिन्यात गेलो. मोतीभाऊ लूमवर नव्हता, कारखान्याच्या दारात राखणदार म्हणून स्टुलावर बसला होता. मला बघून त्याने उजवा हात झटकन मांडीखाली घातला. पण चहा आल्यावर बशी आणि कप एका हाताने कसे सांभाळणार? मशीनच्या पट्ट्यात त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं राहिलं होतं. मला रडू फुटलं, तर तो माझ्यावरच खेकसला.

“मायले सांगू नको. सांग, सुटी भेटत नही. आनि तूबी आते येऊ नको. तू उना का माले हात लपाडना पडस.”

मी शब्द दिला. दुसरं काय करणार होतो? निघताना त्याने पेटीची चौकशी केली. “वाजाडत जाय. नही ते उंदरं भाता खाई टाकतीन.”

आईला सांगितलं, भाऊ मजेत आहे, सुटी नाही. तिने एकच विचारलं, “बारीक जया का?” मी नाही म्हटलं. तिने पुढे काही विचारलं नाही आणि त्याचं मला तेव्हा बरं वाटलं.

शाळा उघडली, प्रार्थना सुरू झाली. पण आता पेटीवर बसलो की मला भलतीच सवय लागली. मुलं पांगली की मी उजव्या हाताची तीन बोटं मुडपायचो आणि उरलेल्या दोन बोटांनी वाजवून बघायचो. सूर सापडायचे, पण चाल लंगडायची. एकदा मुख्याध्यापकांनी दारातून पाहिलं आणि हाताला काही लागलंय का असं विचारलं. मी म्हटलं, मला नाही लागलं.

श्रावणात कानबाई आली. शनिवारी शाळा सकाळची होती. सोमवारची रजा मागितली तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, “कानबाई आमच्याकडेपण बसते, आम्ही नाही रजा घेत.” तरी दिली. पेटी खांद्यावर मारून मी जळगावला आलो आणि तिथून पॅसेंजरने शिंदखेड्याला उतरलो.

घरी पोचलो तेव्हा आई गव्हाचं सूप पुढ्यात घेऊन बसली होती आणि शेजारी जातं धुऊन मांडलं होतं. कानबाईच्या रोटाचे गहू असे सहज घेत नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घ्यायची, त्याच पिठाचे जाड पोळीसारखे रोट करायचे आणि ते घरच्यांनीच खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर नाहीतच. आमच्याकडे ज्याने त्याने आपली मूठ आपल्या हाताने भरायची पद्धत आहे. जो आला नसेल त्याची मूठ आई भरते.

पितांबर नाना, म्हणजे आमचे काका, यांनी आपली मूठ भरली. मी माझी भरली आणि उठू लागलो, तर आईने सूप माझ्याकडे सरकवलं.

“मोतीनी मूठ तू भर,” ती म्हणाली. “तू त्याले दखी उना.”

मी सुपात हात घातला खरा, पण मूठ मिटेना. त्या स्टुलावरचा हात माझ्या डोळ्यांपुढून हलेना. त्या हाताने चिमूट घेता येते, मूठ भरता येत नाही. मोतीभाऊची मूठ म्हणून मी आता किती गहू घ्यायचे? आई माझ्या हाताकडे बघत होती. नाना म्हणाले, “काय रे मास्तर, मूठ भराले बी परीक्षा लागस का?” मी जेवढे मावतील तेवढे गहू मुठीत घेतले, वर पाव मूठ टाकली आणि उठलो. आईने ते गहू बाकीच्यांत मिसळले आणि जात्याला हात घातला.

रविवारी कानबाई बसली. नारळाला नथ घातली, लुगडं नेसवलं, आरास झाली. मी मोतीभाऊच्या पेटीवर गाणी वाजवली. बायका फेर धरायला उभ्या राहिल्या, पण दोनदा माझी लय गेली. सुगंधाबाई नावाची शेजारची म्हातारी बोललीच, “मोती व्हता तवय पाय आपोआप उठेत.” तिचं खरं होतं. मला तिचा राग आला.

सोमवारी विसर्जन करून निघालो तर आईने फडक्यात बांधलेला रोट हातात दिला. “हाऊ मोतीना. त्याले पोचाड.”

शिंदखेडा स्टेशनावर सुरतेकडची गाडी आधी आली. मी फलाटावर रोट घेऊन उभा होतो. चढायला हवं होतं, असं आजही वाटतं. पण भाऊ येऊ नको म्हणाला होता, आणि दुसऱ्या दिवशी नववीचा तास होता, असली कारणं अशा वेळी भराभर सुचतात. गाडी गेली. रोट बाहेरच्याला देता येत नव्हता, टाकता येत नव्हता. बाकावर बसून मीच तो खाल्ला. जाड, कोरडा रोट. एकेक घास पाण्याबरोबर ढकलत होतो आणि फलाटावरचा हमाल मला उपाशी समजून लांबून बघत होता. जळगावची गाडी आली तेव्हा तोंडात शेवटचा तुकडा होता.

दिवाळीला घरी गेलो. मोतीभाऊ आला नव्हताच. दुपारी आई दारात वाती वळत बसली होती.

“रोट खादा का त्यानी?”

“खादा.”

“कोनता हातवरी खादा?”

आईने वात वळणं थांबवलं नाही.

“नूर भाऊ माले आखाजीना पहिलेच बठ्ठं सांगी गया व्हता. मीच त्याले म्हनं, लीलाधरले धाड. तू येशी, सांगशी, मंग आपन दोन्ही मायलेकरं रडसूत. तू काय सांगं? सुटी नही.” तिचा आवाज चढला नाही, तेच मला सोसवेना. “तुना हातमा सूप दिधं तवय वाटनं, आते तरी सांगशी. तू ते मूठ भरी टाकी.”

मी तिच्या शेजारी बसलो. सुरतेत अर्धवट राहिलेलं रडू आता आलं. तिने माझा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि पाचही बोटं एकेक करून चाचपली.

“रोट कोनी खादा?” तिने विचारलं.

“मी.”

“बरं जयं,” आई म्हणाली. “घरमाच ऱ्हायना.”