परळच्या काळ्या भुकटीची कैफियत

मी एक जुनी काळी भुकटी आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. लोखंडाच्या क्षारांपासून बनलेल्या माझ्या कणाकणावर पॅलेडियम नावाचा महागडा धातू बसवलेला आहे. दोन रसायनांचं काही केल्या जुळत नसलं, की मी मध्यस्थी करते आणि स्वतः होते तशीच राहते. तुमच्या शाळेच्या पुस्तकात मला उत्प्रेरक म्हणतात, प्रयोगशाळेत कॅटॅलिस्ट.

परळच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कालिंदीने मला घडवलं. गिरगावची ही मुलगी भारी चिकाटीची. माझं काम झालं की ती काचपात्राला बाहेरून लोहचुंबक लावायची. मी मुकाट्याने काचेला चिकटायचे, ती द्राव ओतून घ्यायची आणि मला धुऊन, वाळवून पुन्हा कामाला जुंपायची. मी पुन्हा पुन्हा वापरता येते, याच एका गोष्टीवर तिची पीएच.डी. उभी होती. तिचे मार्गदर्शक मनमोहन सर आल्यागेल्याला मला कौतुकाने दाखवत.

मग दसऱ्याच्या तोंडावर कालिंदीला ताप आला आणि मी तिच्या धाकट्या सहकाऱ्याच्या, अवधूतच्या हाती पडले. लालबागचा हा मुलगा मनाने चांगला, पण घाई फार. कालिंदी मला वरून काचेच्या दांडीने घुसळायची. याने सरळ मॅग्नेटिक बीड टाकली. बीड म्हणजे ढवळण्यासाठी पात्रात फिरणारी पांढरी गोळी. तिच्या पोटातच लोहचुंबक! मी तिला चिकटणार नाही तर काय करणार? रसायनं बिचारी ताटकळत राहिली. काळी झालेली बीड हा वाडग्यात टाकायचा आणि पुढच्या खेपेला नवी घ्यायचा.

"सर, कॅटॅलिस्ट मेला. यील्ड निम्म्यावर आलंय," त्याने सांगून टाकलं. यील्ड म्हणजे प्रयोगातून हाती येणारा माल.

सरांनी कपाळाला हात लावला. "मग पुन्हा वापरता येतो, असं कुठल्या तोंडाने लिहायचं? कालिंदीची सगळी मेहनत पाण्यात."

अहो, मी मेले नव्हते, वाडग्यात पडले होते. पण वाडग्यात बघतो कोण?

खंडेनवमीला प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा असते. आदल्या दिवशी अवधूतने साफसफाई काढली. ताप उतरून कालिंदी आली, तेव्हा तो वाडग्यातल्या बीड ॲसिडमध्ये सोडत होता.

"काय करतोयस रे?"

"डाग जात नाहीत गं ताई. उद्या पूजा आहे ना, एकदम चकाचक पाहिजे."

"हे डाग नाहीत, अवधूत. हा माझा कॅटॅलिस्ट आहे."

तोवर माझं बहुतेक अंग विरघळून पिवळं पाणी झालं होतं. इतका राग मला कधीच आला नव्हता. वाडग्यात उरलेल्या शेवटच्या बीडवरून कालिंदीने मला मऊ ब्रशने सोडवलं, दांडी लावली आणि चिमूटभर भुकटीवर छोटासा प्रयोग केला. यील्ड पहिल्याइतकंच आलं. कालिंदी स्टुलावर बसून रडली. सर म्हणाले, "लिही आता."

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. अवधूतने माझी बाटली मानाने मधोमध मांडली, हात जोडून माफी मागितली. हळदकुंकू थेट मलाच वाहावं म्हणून त्याने बाटली उघडली, आणि तशीच उघडी ठेवून प्रसाद वाटायला गेला. वर पंखा गरगरत होता.

मित्रांनो, तुमच्या कामाच्या वस्तूंची पूजा जरूर करा. पण आधी झाकण लावा.