दगडी जिना

"‘राजपुत्रानं तिचा हात सोडवून घेतला आणि तो जळत्या राजवाड्यात शिरला,’" साहेबांनी वाचलं आणि पान उलटलं.

साहेब म्हणजे विमा कंपनीतले निवृत्त सर्व्हेयर. हयातभर त्यांनी जळालेली गोदामं पाहिली. काय जळालं, किती जळालं, कशामुळे जळालं याचे अहवाल लिहिले. प्रेमाचे संवादही ते त्याच आवाजात वाचत. पलंगावर त्यांची बायको पालथी पडली होती, चेहरा मधोमध भोक असलेल्या उशीत. डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं : असंच पडून राहायचं, वाचायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. नेमका त्याच आठवड्यात, तीन वर्षं ताटकळत ठेवून, तिच्या लाडक्या कादंबरीचा दुसरा भाग आला. त्यात शापित राजपुत्र होता, जडीबुटी विकणारी मुलगी होती, आग ओकणारा पक्षी होता आणि चुंबनं होती. चुंबन आलं की साहेब खाकरत, "इथे त्यांचं जमलं" एवढं सांगत आणि पुढे जात.

तिचा चेहरा दिसत नसे, म्हणून साहेब तिची पावलं वाचायला शिकले होते. मजा आली की अंगठे हलत. काळजी वाटली की बोटं आत वळत. आत्ता ती मुठीसारखी आवळलेली होती.

साहेबांची नजर पुढच्या पानावर धावली. तुळई कोसळली. राजपुत्र मेला. मेला म्हणजे बेशुद्ध वगैरे नाही. चक्क राख झाली आणि ती राख मुलीनं ओंजळीत घेतली होती.

"अहो, थांबलात का?"

"चष्मा सापडत नाहीये."

"डोळ्यांवरच असेल. बघा."

पहिल्या भागात याच राजपुत्राचा घोडा मेला, तेव्हा ही दोन दिवस रडली होती. घोडाच तो. आणि तेव्हा डोळे धडधाकट होते. साहेब खाकरले.

"‘राजपुत्र आत शिरला,’" ते म्हणाले, "‘आणि त्यानं आधी पाहिलं, की पूर्वेकडचा जिना दगडी आहे. दगडी जिना पेट घेत नाही. धूर वर जातो, त्यामुळे तो जमिनीलगत वाकून चालला आणि... सुखरूप बाहेर आला.’"

"इतक्यात?"

"राजवाडा लहान होता."

क्षणभर काहीच हललं नाही. मग अंगठे हलले.

माणूस वाचवणं सोपं होतं. त्याला उरलेली दीडशे पानं जगवणं जिकिरीचं. दुपारी बायकोचा डोळा लागला की साहेब पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरात बसत. शोकसभेची त्यांनी आढावा बैठक केली. समाधीचं कार्यालय केलं. मुलगी समुद्राकाठी एकटीच हंबरडा फोडते, त्या प्रकरणानं मात्र त्यांना घाम फोडला. शेवटी राजपुत्राला तिच्या शेजारी आणून बसवलं आणि दोघांच्याही डोळ्यांत वाळू गेली असं ठरवलं. मग चटकच लागली. त्या प्रकरणाच्या शेवटी एक चुंबन आलं. मूळ पुस्तकात ते नव्हतंच. साहेबांनी ते न खाकरता वाचलं.

पुस्तक संपलं, तशी बायको म्हणाली, "फोन घ्या हातात. अभिप्राय लिहून घ्या."

साहेबांनी फोन शोधायला मुद्दाम वेळ लावला. तिच्या वाचनगटात पन्नासेक बायका होत्या आणि सगळ्यांनी हेच पुस्तक वाचलेलं होतं. हिच्या अभिप्रायाला तिथे वजन होतं. गणिताची शिक्षिका होती ती; पुस्तकांना गुण द्यायची.

"लिहा. ‘दुसरा भाग पहिल्यापेक्षा कितीतरी सरस. पहिल्या भागात राजपुत्र नुसता तलवार परजत होता. इथे तो डोकं वापरतो. आगीत शिरताना जिना कशाचा आहे हे बघणारा नायक मी तरी पहिल्यांदाच पाहिला.’ झालं?"

"जिन्याचं राहू दे ना. बाकीच्यांची मजा जाईल गं."

"‘समुद्राकाठचं चुंबन म्हणजे कळस.’"

"कळस जरा जास्त नाही होत?"

"तुम्ही लिहा हो. ‘शंभरपैकी ब्याण्णव.’"

साहेबांनी लिहिलं. फोन मांडीवर पालथा ठेवला.

"अगं, ऐक. गटात टाकायच्या आधी तुला एक सांगायचंय."

"गटात कशाला टाकताय?" उशीतून आवाज आला. "त्यांच्या पुस्तकात मेलाय तो."

साहेबांनी उगाचच खिडकीकडे पाहिलं.

"तुम्ही औषधं आणायला गेलात ना, तेव्हा गटातल्या ताईचा फोन आला होता," बायको म्हणाली. "अर्धा तास रडली बिचारी. मी म्हटलं, पुढचं सांगू नकोस, माझं अजून ऐकून व्हायचंय."

"मग हे लिहून कशाला घेतलंस?"

"ज्यानं लिहिलं, त्याला कळायला नको?"

साहेबांनी फोन सुलटा केला. अभिप्राय मनातल्या मनात वाचला, मग पुन्हा एकदा, सावकाश. खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"आठ गुण कुठे कापलेस?"