पाकिटावरची सही

“साहेब, रुग्णांचे रिपोर्ट बाहेर गेले ते तुमच्यामुळे, आणि खापर फोडताय माझ्या माथी!”

हे वाक्य ती जिना चढताना घोकत होती. हातात कबुलीपत्र. पाचपर्यंत सही केली नाही तर नोकरी गेली, केली तर अब्रू.

इस्पितळाच्या मोठ्या सर्व्हरच्या पोटात तिनं फायरवॉल, म्हणजे बाहेरच्यांना अडवणारी भिंत, बसवली होती. वेगळी पेटी नाही, सर्व्हरमधलंच एक आभासी यंत्र. पहिल्या दिवशी चाचणीसाठी ‘सगळ्यांना आत सोडा’ असा नियम ठेवून तिनं स्नॅपशॉट घेतला, म्हणजे यंत्र होतं त्या स्थितीत साठवलं. मग तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून एकेक फट बुजवली, त्या यंत्रासाठी मेमरी राखून ठेवली, वेग ताळ्यावर आणला. शेवटची फट साहेबांची, घरून थेट आत शिरायची. तीही बुजवली. या साहेब मंडळींना भिंत हवी असते, पण स्वतःपुरतं दार ठेवून!

तो स्नॅपशॉट पुसायचा मात्र राहून गेला. तेवढी चूक तिची.

मंगळवारी कोणीतरी फायरवॉल त्याच स्नॅपशॉटवर परत नेली. साहेबांचं दार उघडलं आणि त्यांच्याबरोबर सगळ्या जगाचं; रिपोर्ट त्याच वाटेनं गेले. नोंदीत खातं तिचं, वेळ अकरा वीस. तेव्हा ती दाताच्या डॉक्टरपुढे आ वासून बसली होती.

“पासवर्ड कुणाला सांगितला होतात?” सर्व्हर-रूममधल्या बोक्यानं विचारलं होतं. बोका म्हणजे तिथला ऑपरेटर, एसीखाली डुलक्या काढतो म्हणून हे नाव.

“नवऱ्यालासुद्धा नाही. फक्त पाकिटात आहे.”

“मग दूध तिथंच सांडलंय, ताई. आणि या वेळी बोका मी नव्हे.”

पाकिटाची पद्धत तिचीच. अडीनडीला लागला तर म्हणून पासवर्ड लिहायचा, पाकीट चिकटवायचं, जोडावर आडवी सही ठोकायची. पाकीट साहेबांच्या कपाटात, किल्ली साहेबांच्या खिशात.

ती केबिनमध्ये शिरली, तर तिनं मागायच्या आतच साहेबांनी ते टेबलावर टाकलं. “बघा, बंद आहे. आता मुकाट्यानं सही करा, बाई.”

न मागता? तिनं पाकीट खिडकीशी धरलं. सही तिचीच, पण झाकणावरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यापासून गव्हाच्या दाण्याएवढा सरकला होता. कडेला डिंक अजून चिकट.

तिनं कबुलीपत्र सही न करताच त्यांच्यापुढे सरकवलं आणि खुर्ची ओढून बसली.

“हे उघडून परत चिकटवलंय, साहेब. किल्ली तुमची. मंगळवारी अकरा वीसला माझ्या नावानं आत कोण शिरलं? बोला. उत्तर मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही.”