दीप्तीच्या यानाची काच

मित्रांनो, जुना झालो तरी माझे सांगायचे राहून गेले आहे, म्हणून बोलतो. मी एक संगणक. कारखान्यात घडलो, गोंदियाच्या एका कचेरीत पत्रे टाइप करून थकलो आणि मग ताराचंदभाऊंनी मला केशोरीला आपल्या घरी आणले.

त्यांच्या मुलीला, दीप्तीला, सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. हाडे ठणकू लागली की ती दिवसचे दिवस खोलीबाहेर पडत नसे. कॉलेज सुटले. मैत्रिणी आधी यायच्या, मग येईनाशा झाल्या. खोलीच्या खिडकीसमोर शेजारच्या घराची भिंत होती. आम्ही दोघेही तिथे अडकलेले.

दीप्ती माझ्या पडद्यावर अवकाशयाने काढायची. पत्रा, पंख, आगीचे झोत सुरेख जमायचे. घोडे अडायचे ते काचेपाशी. यानाच्या गोल खिडकीत तिने निळा रंग भरला. तिची आई कलाबाई जेवणाचे ताट घेऊन आली आणि म्हणाली, "हे झाकण काऊन लावलं वं? आतमंदी कोन आहे, दिसूनच नाही राहिलं."

दीप्ती हिरमुसली. तिने रंग फिका केला, तर खिडकीची कड आणि चमकही त्याबरोबर विरली. नुसते भोक उरले. त्या भोकाशी ती कितीतरी दिवस झगडली.

एकदा दुखणे जोरात होते. उशीला टेकून ती पाण्याच्या ग्लासकडे बघत पडली होती. ग्लासमधून मागचे औषधाचे पाकीट दिसत होते. कडा मात्र गडद होत्या आणि एका बाजूला उजेडाचा पांढरा पट्टा होता. ती तशीच उठून माझ्यासमोर बसली. तिने चित्राचे भाग एकावर एक अशा वेगळ्या थरांत काढले. तळाशी आसन आणि त्यावर बसलेली मुलगी. तिच्यावर निळा रंग, अगदी पातळ, कडेला जरा दाट. सर्वांत वर चमक, तिला मुळीच फिके केले नाही. काच झाली! कोणाला दाखवण्याआधीच दीप्तीला ताप भरला आणि तिला गोंदियाच्या दवाखान्यात हलवले.

खोलीला कुलूप लागले. पुढे माझ्यावर जुनी चादर पडली, समोर धानाची पोती रचली गेली. उंदरांनी वायर कुरतडली, पाली आत शिरल्या. ते यान माझ्या पोटात होते, पण हाक मारायला मला तोंड नव्हते.

एक दिवस दवाखान्यातून दीप्तीचा फोन आला. "माय, माह्या यानाचा फोटो पाठव ना. मले पाहाचं आहे."

कलाबाईंनी पोती सारली आणि घाईघाईने बटण दाबले. फट् असा आवाज झाला, जळका वास सुटला. त्या रडू लागल्या. "म्या जाळलं जी, पोरीचं सगळं जाळलं."

"रडून काऊन राहिली?" ताराचंदभाऊ म्हणाले. "कवडूकडे नेतो." त्यांनी मला पोत्यात घालून सायकलला बांधले.

दुरुस्तीवाल्या कवडूने मला उघडले आणि मान हलवली. "काका, मशीन गेलं. पन डिस्क जिवंत असन त चित्र निघते." त्याने माझी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली. ताराचंदभाऊ उभेच होते. यान पडद्यावर आले. ते वाकून काचेच्या आत पाहू लागले. "हे त माही दीप्ती आहे," ते हळूच म्हणाले.

त्याच चित्राची छापील प्रत घेऊन ते गोंदियाला गेले. परत आल्यावर त्यांनी कवडूला सांगितले ते मी त्याच्या दुकानातल्या फळीवरून ऐकले. दीप्तीने विचारले होते, "बाबा, आतली पोरगी दिसून राहिली ना?" आणि ते म्हणाले होते, "दिसते. इतके दिवस म्याच नाही पाह्यलं."

धान कापणीला आले तेव्हा दीप्ती घरी आली. दुखणे गेलेले नाही. माझी डिस्क आता तिच्या नव्या संगणकात आहे आणि मी रिकामा.

मित्रांनो, यंत्रावरची धूळ अधूनमधून पुसत जा, एवढे तर कराच. पण तुमच्या गल्लीत कोणी फार दिवस घराबाहेर आलेले नसेल, तर आधी तिकडे जा. जवळ बसा आणि विचारा, "सध्या काय काढून राहिली?"